बंदुका कोणी काढून घेतल्या?

माझा भाचा डॅलसला असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने मला एक चित्र पाठवलं. काळ्या पार्श्वभूमीवर हिटलरचा फोटो आणि खाली त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य: १९३५ हे वर्ष इतिहासात नोंदलं जाईल, कारण एका सुसंस्कृत राष्ट्राने पहिल्यांदाच सगळ्या बंदुकांची नोंदणी पूर्ण केली आहे, आता आपले रस्ते सुरक्षित होतील आणि जग आपल्या मागून येईल. त्याखाली एक यादी. तुर्कस्तान, रशिया, जर्मनी, चीन, कंबोडिया. प्रत्येक देशापुढे सरकारने बंदुका कधी काढून घेतल्या ते साल आणि नंतर किती लाख माणसं मारली तो आकडा. सोबत भाच्याचा प्रश्न: "मावशी, तू इतिहास शिकवायचीस ना, हे खरं आहे का गं?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर आठ-दहा दिवसांनी दुसरं चित्र आलं. त्यात अमेरिकेतल्या काही खासदारांची नावं होती, प्रत्येक नावाभोवती तीन-तीन कंस होते आणि मजकूर असा, की अमेरिकन माणसाच्या घरातली बंदूक काढून घ्यायचा डाव ज्यूंनी रचला आहे. दोन्ही चित्रं त्याच्या एकाच ग्रुपवर आली होती आणि टाकणारा माणूसही एकच होता.

पहिल्या चित्रात ज्यू बिचारे आहेत. हातात बंदूक नव्हती म्हणून ते मेले. दुसऱ्यात तेच ज्यू बंदुका हिसकावून घेणारे आहेत. एकच माणूस हे दोन्ही कसं मानू शकतो, हे समजून घेतलं तर ज्यूद्वेषाच्या कटकथा कशा चालतात हे बरंचसं उमगतं. म्हणून आधी पहिल्या चित्राकडे जाऊ.

हिटलरच्या तोंडचं ते वाक्य बनावट आहे. जर्मनीत १९३५ साली बंदुकांच्या नोंदणीचा कोणताही कायदा झाला नाही. ज्या कायद्याचा उत्सव करायचा तोच नाही, तर उत्सवाचं भाषण कुठून येणार? असं वाक्य समोर आलं की त्यातलं साल पकडावं. थापा मारणाऱ्याला भावना अचूक पकडता येते, पण सालात तो बहुतेक वेळा घसरतो.

खरा घटनाक्रम वेगळा आहे आणि तो सावकाश सांगायला हवा. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत रस्त्यारस्त्यावर बंदुका होत्या. घरी परतलेले सैनिक, कम्युनिस्टांची पथकं, उजव्यांची पथकं, सगळ्यांकडेच. जानेवारी १९१९ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने हुकूम काढला की खाजगी बंदुका जमा करा. १९२० साली जनतेच्या निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. कागदावर तो अतिशय कडक होता, पण प्रत्यक्षात शस्त्रं माळ्यावर आणि जमिनीखाली गेली. मग १९२८ साली बंदी मागे घेऊन परवान्याची पद्धत आणली गेली. बंदूक घ्यायला एक परवाना आणि बाळगून फिरायला दुसरा. म्हणजे जर्मनीतला बंदूक नियंत्रणाचा ढाचा हिटलरच्या आधीच्या, लोकशाही सरकारांनी उभा केलेला होता, आणि तो मुख्यतः रस्त्यावरच्या हाणामाऱ्या थांबवण्यासाठी होता. त्या हाणामाऱ्यांत नाझींचे तपकिरी गणवेशातले गुंड पुढे होते.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. महिना व्हायच्या आत त्याचा सहकारी गोअरिंग याने प्रशियात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात मोठ्या प्रांतात, सुमारे ५० हजार जणांना मदतनीस पोलीस म्हणून नेमलं. त्यातले बहुतेक त्याच पथकांमधले होते. काल जे गल्लीत लाठ्याकाठ्या घेऊन फिरत होते, त्यांच्या दंडावर सरकारी पट्टी आली आणि हातात सरकारी पिस्तूल. विरोधकांच्या घरांवर धाडी पडू लागल्या. कम्युनिस्टांच्या, समाजवाद्यांच्या, ज्यूंच्या घरांवर. निमित्त अनेकदा शस्त्रांच्या झडतीचं असायचं. परवान्यांचे जुने कागद नव्या सरकारच्या हाती आयते पडले होते.

नाझींचा स्वतःचा शस्त्रकायदा आला १८ मार्च १९३८ ला. पहिल्या चित्रातली यादी ज्याला "जर्मनी, १९३८" म्हणते तो हाच. या कायद्याने बहुसंख्य जर्मनांसाठी बंदूक मिळणं सोपं केलं. रायफली आणि शिकारीच्या बंदुका घ्यायला परवाना लागेनासा झाला. तो फक्त पिस्तूल-रिव्हॉल्वरपुरता उरला. वयाची अट २० वरून १८ वर आली. परवान्याची मुदत एका वर्षाची तीन वर्षं झाली. पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि सरकारी लोकांना मोकळीक मिळाली. आणि त्याच कायद्यात, ज्यूंना शस्त्रं बनवण्याचा किंवा विकण्याचा धंदा करता येणार नाही, असं कलम घातलं गेलं.

मग नोव्हेंबर उजाडला. ९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, दुकानं फोडली गेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना उचलून छळछावण्यांत टाकलं गेलं. ११ नोव्हेंबरला गृहमंत्री फ्रिकच्या सहीने आदेश निघाला की ज्यूंनी कोणतंही शस्त्र बाळगायचं नाही. बंदूक, काडतूस, सुरा, काहीच नाही. बर्लिनमध्ये तर पोलिसांनी आधीच काही आठवडे ही मोहीम चालवली होती आणि पोलीसप्रमुखाने त्या दंगलीच्या तोंडावर आकडे जाहीर केले होते: १,७०२ बंदुका-पिस्तुलं, सुमारे २० हजार काडतुसं आणि २,५६९ भोसकण्या-कापण्याची शस्त्रं.

इथे मला आल्फ्रेड फ्लाटोचं नाव घ्यायचं आहे. १८९६ च्या अथेन्समधल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये जर्मनीसाठी जिम्नॅस्टिक्सची सुवर्णपदकं जिंकणारा हा माणूस बर्लिनचा रहिवासी होता, आणि ज्यू होता. त्याने आपली शस्त्रं १९३२ साली, म्हणजे हिटलरच्या आधी, रीतसर नोंदवली होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि ती शस्त्रं जप्त केली: रिव्हॉल्वर, दोन छोटी पिस्तुलं, काही सुऱ्या. त्याच्या अटकेचा कागद आजही आहे. डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझिनश्टाटच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, तो उपासमारीने मेला. तेव्हा त्याचं वय ७३ होतं.

पहिलं चित्र पाठवणाऱ्याच्या बाजूने सांगण्यासारखी सगळ्यात सबळ गोष्ट ही आहे, आणि ती मी लपवणार नाही. नोंदणीचे कागद जुलमी सरकारच्या हाती पडले आणि त्यांचा उपयोग त्याने केला. कायदा बहुसंख्यांना मोकळीक देत होता आणि एका समाजाला निःशस्त्र करत होता. त्यातली क्रूरता त्या दुजाभावात आहे.

पण पुढची उडी बघा: फ्लाटोकडे ती पिस्तुलं राहिली असती तर तो वाचला असता. जर्मनीभर मिळून १९३३ साली पाच लाखांच्या आसपास ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी. त्यांच्यातल्या जवळपास एक लाख पुरुषांनी पहिल्या महायुद्धात जर्मन गणवेश घातला होता आणि १२ हजार त्यात कामी आले होते. बंदूक चालवता येत नव्हती असं मुळीच नाही. पण समोर पोलीस होते, सैन्य होतं, आणि शेजारी होते. जुलै १९३२ च्या निवडणुकीत ३७ टक्के मतं नाझींना पडली होती. घरोघरी बंदुका असत्या तर त्यातल्या बहुतेक कोणाच्या बाजूने चालल्या असत्या, हा प्रश्न या चित्रांमध्ये कधीच येत नाही. लिथुआनिया आणि युक्रेनमध्ये १९४१ साली हे घडलंच. जर्मन सैन्य पोचल्यावर तिथल्या सशस्त्र स्थानिक टोळ्या ज्यूंच्या मदतीला आल्या नाहीत. त्यातल्या कित्येक मारेकऱ्यांना जाऊन मिळाल्या.

शिवाय मारले गेलेले ६० लाख ज्यू बहुतांशी जर्मनीतले नव्हतेच. एकट्या पोलंडमधले सुमारे ३० लाख होते. पोलंडकडे १९३९ मध्ये जवळपास दहा लाखांचं सैन्य होतं, तोफा होत्या, घोडदळ होतं, विमानं होती. ते सैन्य पाच आठवड्यांत हरलं. फ्रान्स पुढच्या वर्षी सहा आठवड्यांत हरला. जे दोन देशांच्या फौजांना जमलं नाही ते वॉर्सातल्या शिंप्याने आणि शिक्षकाने घरातल्या पिस्तुलाने करायला हवं होतं, असं म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसालाच त्याच्या मरणाचा जाब विचारणं आहे.

आणि ते लढले नाहीत असंही नाही. वॉर्साच्या घेट्टोतून १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून जास्त माणसं त्रेब्लिंकाच्या गॅस चेंबरकडे नेली गेली. उरलेल्या सुमारे ५० हजारांमधल्या काहीशे तरुणांनी १९ एप्रिल १९४३ ला, ज्यूंचा वल्हांडणाचा सण ज्या संध्याकाळी सुरू होणार होता त्या दिवशी, बंड पुकारलं. मोर्देखाय अनिएलेविच हा त्यांचा नेता विशीतला होता. पिस्तुलं, हातबॉम्ब, पेट्रोल भरलेल्या बाटल्या आणि मोजक्या रायफली एवढ्यावर ते जवळजवळ चार आठवडे टिकले. जर्मनांनी समोरासमोर लढायचं सोडून घरंच्या घरं पेटवली. १६ मेला सेनानी श्ट्रोपने वॉर्साचं मोठं सिनेगॉग उडवून दिलं आणि वरिष्ठांना कळवलं की काम संपलं. हजारो तिथेच मेले, बाकीचे छावण्यांत गेले. त्या मुलांना आपण जिंकणार नाही हे ठाऊक होतं. त्यांनी लढण्याचं कारण जगण्याची आशा नव्हती. आपण कसं मरायचं हे आपण ठरवू, एवढंच होतं. त्यांचं नाव "बघा, बंदूक असती तर" अशा वाक्यात वापरलेलं मला सहन होत नाही. २०१५ साली बेन कार्सन या अध्यक्षपदाच्या उमेदवाराने जवळपास तेच म्हटलं तेव्हा अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनी जाहीर आक्षेप घेतला होता.

यादीतल्या बाकीच्या देशांवर फार वेळ घालवायला नको. तिथे रशियापुढे १९२९ लिहिलेलं असतं. बोल्शेविकांनी, म्हणजे तिथल्या कम्युनिस्टांनी, शस्त्रं जमा करायचा हुकूम डिसेंबर १९१८ मध्येच काढला होता, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं तिथे लाखो सशस्त्र माणसांचं यादवी युद्ध चाललं. तांबोव भागातल्या शेतकऱ्यांनी तर हाती शस्त्रं घेऊन १९२० आणि २१ मध्ये मोठं बंड केलं. लाल सेनेने ते चिरडताना विषारी वायूही वापरला. शिवाय यादी बनवणारे ऑस्ट्रेलिया घेत नाहीत. १९९६ साली पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्यावर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन वितळवल्या, आणि पुढे कोणताही वंशसंहार झाला नाही. जे देश गोष्टीत बसतात तेच निवडायचे, ही कटकथेची पहिली युक्ती.

आपल्याकडचं एक वाक्यही या चित्रांत फिरतं. गांधीजी म्हणाले होते की ब्रिटिश राजवटीच्या कृत्यांमध्ये एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल. हे वाक्य खरं आहे. फक्त ते १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे: शस्त्रकायदा रद्द व्हायला हवा असेल तर फौजेत भरती व्हा, असा त्याचा पुढचा भाग. आणि व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या त्या कायद्याचं दुखणं असं होतं, की भारतीयाला परवाना लागे आणि युरोपियनाला सूट होती. गोऱ्याला एक नियम आणि काळ्याला दुसरा. १९३८ च्या जर्मन कायद्याशी त्याचं साम्य आहे ते इथे, या दुजाभावात. सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या परवान्याच्या नियमाशी नाही.

आता दुसरं चित्र.

ज्यू लोक गुपचूप जगाची सूत्रं हलवतात, ही गोष्ट आज जशी सांगितली जाते तिचा मूळ कागद रशियातला आहे. १९०३ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात तो क्रमशः छापला गेला आणि पुढे "प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन" या नावाने जगभर गेला. ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त बैठकीचा वृत्तांत, असा त्याचा आव. १९२१ मध्ये लंडनच्या "टाइम्स"ने पान पानाशी लावून दाखवलं की यातला मजकूर एका फ्रेंच वकिलाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनवर लिहिलेल्या उपहासात्मक पुस्तकातून उचललेला आहे. त्या मूळ पुस्तकात ज्यूंचा संबंधच नव्हता. चोरी पकडली गेली, पण गोष्ट थांबली नाही. अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२० पासून स्वतःच्या वर्तमानपत्रातून ती लाखो लोकांपर्यंत पोचवली होती; १९२७ मध्ये त्याने माफी मागितली, पण छापलेलं परत घेता येत नाही.

ही जुनी गोष्ट बंदुकीला नेमकी चिकटवली ती १९७८ मध्ये. अमेरिकेतल्या एका नव-नाझी नेत्याने टोपणनावाने एक कादंबरी लिहिली. तिच्यात ज्यूंच्या ताब्यातलं सरकार कायदा करून सगळ्या नागरिकांच्या बंदुका जप्त करतं. त्या कायद्याला मुद्दाम एक ठळक ज्यू आडनाव दिलेलं आहे, "कोहेन कायदा". मग गोरे क्रांतिकारक ट्रकमध्ये स्फोटकं भरून सरकारी इमारत उडवतात. बंदुकांच्या जत्रांमध्ये ही कादंबरी विकणारा एक माजी सैनिक १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा शहरातल्या सरकारी इमारतीसमोर स्फोटकांचा ट्रक उभा करून निघून गेला. १६८ माणसं मेली, त्यात १९ लहान मुलं.

दुसऱ्या चित्रातली नावांची यादी म्हणजे त्याच "कोहेन कायद्याची" नक्कल आहे. तिची पद्धत सोपी: बंदूक नियंत्रणाच्या बाजूने बोललेल्यांपैकी ज्यू तेवढे निवडायचे आणि बाकीचे गाळायचे. म्हणून मी भाच्याला म्हटलं, नावं कशाला मोजतोस, कायदे मोज. १९३४ चा कायदा शिकागोसारख्या शहरांतल्या गुंडांच्या मशीनगनमुळे झाला, सही अध्यक्ष रूझवेल्टची. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक घेऊन उघड फिरण्यावर बंदी घातली, कारण ब्लॅक पँथर्स हे काळे कार्यकर्ते बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे गस्त घालू लागले होते. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगनची. १९९३ चा कायदा जेम्स ब्रेडीच्या नावाचा आहे. पुढे अध्यक्ष झालेल्या रेगनवरच्या हल्ल्यात डोक्याला गोळी लागून जायबंदी झालेला हा त्यांचा प्रसिद्धी सचिव.

१९६८ च्या कायद्याबद्दल मात्र एक खास आरोप आहे, की तो नाझी कायद्यावरून उतरवला. त्याला धागा असा: सिनेटर थॉमस डॉड नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेच्या वकिलांपैकी एक होते, आणि १९६८ मध्ये त्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाकडून १९३८ च्या जर्मन कायद्याचं भाषांतर करून घेतलं. हे दोन्ही खरं. पण टपालाने बंदुका विकण्यावर निर्बंध घालणारं डॉड यांचं विधेयक १९६३ च्या ऑगस्टमध्येच मांडलेलं होतं. त्याच नोव्हेंबरमध्ये केनेडींना ज्या रायफलीने मारलं ती खोट्या नावाने, टपालाने मागवलेली निघाली. तरीही विधेयक अडून राहिलं. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग गेले, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गेले, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. पाच वर्षांत तीन खून. कायद्याचं कारण एवढं समोर पडलेलं असताना ते बर्लिनमध्ये शोधायला जावं लागतं, कारण समोरच्या कारणात कट नाही. आणि "नाझी नक्कल" हा आरोप जोराने पसरवणाऱ्यांमध्ये बंदुकीच्या हक्कासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली एक ज्यू संघटनाच होती. म्हणजे ज्यू दोन्ही बाजूंना आहेत, जसे ब्राह्मण, मराठे, ख्रिस्ती, कोणीही कुठल्याही वादात दोन्ही बाजूंना असतात.

नावांच्या यादीत सिनेटर डायन फाइनस्टाइन हमखास असतात. १९९४ च्या लष्करी धाटणीच्या बंदुकांवरील बंदीमागे त्या होत्या, आणि त्या ज्यू होत्या. यादी तिथे थांबते. २७ नोव्हेंबर १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरपालिकेत काय झालं ते तिच्यात नसतं. एका माजी नगरसदस्याने महापौर मॉस्कोनी आणि सदस्य हार्वी मिल्क यांना त्या इमारतीतच गोळ्या घातल्या. मिल्क यांच्यापाशी पहिल्यांदा पोचल्या त्या फाइनस्टाइन. नाडी बघायला गेलेलं त्यांचं बोट गोळीच्या जखमेत गेलं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. थोड्या वेळाने त्यांनीच बाहेर येऊन पत्रकारांना ती बातमी दिली. त्या बाईंच्या मतांचं कारण त्यांच्या धर्मात शोधायचं की त्या बोटात? अमेरिकेतले बहुतेक ज्यू बंदूक नियंत्रणाच्या बाजूने मत देतात हे खरंच आहे. ते बहुतांशी मोठ्या शहरांत राहतात आणि डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, आणि त्या शहरांतले त्यांचे बिगर-ज्यू शेजारीही तसंच मत देतात.

रशियाचा धागा इथे पुन्हा येतो: बोल्शेविक म्हणजे ज्यू, आणि त्यांनीच रशियन ख्रिश्चनांना निःशस्त्र करून मारलं. बोल्शेविक नेता ट्रॉट्स्की ज्यू होता, खरं आहे. पण १९२२ च्या पक्षाच्या जनगणनेत ज्यू सदस्य पाच टक्क्यांच्या आसपास होते. गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की पोलिश कॅथलिक घरातला, आणि स्टालिन जॉर्जियातल्या ख्रिस्ती पाठशाळेत शिकलेला. याच स्टालिनने ऑगस्ट १९५२ मध्ये ज्यू लेखकांना एका रात्रीत गोळ्या घालायला लावल्या. तरी गोष्ट तशीच चालते, कारण तिला हवं असतं एक नाव, आणि ट्रॉट्स्कीने ते पुरवलेलं आहे.

आता त्या तीन कंसांबद्दल. २०१६ च्या सुमारास हे उघड झालं की ज्यूद्वेष्टे नावाभोवती तीन कंस घालून "हा ज्यू आहे" अशी खूण करतात. काहींनी कंस शोधून संबंधितांना धमक्या पाठवल्या. कंस माहीत झाले तेव्हा दुसरे शब्द आले: "ग्लोबलिस्ट", "रॉथशिल्ड" (एक ज्यू बँकर घराणं), "सोरोस" (एक ज्यू अब्जाधीश), "पडद्यामागचे". ते ऐकणाऱ्या सगळ्यांना एकच अर्थ लागत नाही, आणि युक्ती तीच आहे. अंगावर आलं की "मी तर बँकांबद्दल बोललो" म्हणता येतं.

आणि म्हणूनच पहिलं चित्र पाठवणारा दुसरंही पाठवतो. पहिलं चित्र पाहून माणूस घाबरतो: सरकार बंदुका घेतंय, मग मारायला येईल. घाबरलेला माणूस विचारतो, पण हे करतंय कोण? दुसरं चित्र त्याच प्रश्नासाठी थांबलेलं असतं. पहिल्यातला ज्यू हा भीती निर्माण करायला वापरलेला मुडदा आणि दुसऱ्यातला ज्यू हा राग काढायला पुरवलेला शत्रू. त्यात जिवंत, खरा ज्यू माणूस कुठेच नाही.

खरी माणसं आपल्याला जवळची आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, अशी बेने इस्राएल समाजाची आठवण आहे. कोकणात ते घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दिवेकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर अशी त्यांची आडनावं आणि मराठी ही मायबोली. मुंबईत त्यांनी १७९६ मध्ये सिनेगॉग बांधलं. कंपनीच्या फौजेत शिपाई म्हणून बंदुका खांद्यावर घेतल्या; पुढे बेंजामिन सॅमसन भारतीय नौदलात व्हाइस अॅडमिरल झाले. त्यांना कोकणात शतकानुशतकं कोणी हात लावला नाही, कारण गावाने त्यांना परकं मोजलं नव्हतं. ज्या मराठी घरात हे शेजारी आठवतात, त्याच घरातल्या फोनवर हिटलरच्या "शिस्ती"चे गोडवेही फिरतात, आणि पुस्तकांच्या ठेल्यावर त्याचं आत्मचरित्र सहज मिळतं. मला याची भीती वाटते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात मुद्दाम ज्यू म्हणून माणसं मारली गेली, ती याच मुंबईत. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी ११ जणांना मारणाऱ्याच्या डोक्यातही हीच गोष्ट होती: ज्यू लोक घुसखोर आणून आम्हाला संपवताहेत.

हे सगळं मी भाच्याला तुकड्या-तुकड्यांनी लिहिलं. फ्लाटोची हकीकत वाचून त्याने एकच विचारलं: "मावशी, मग तो आधीच पळून का नाही गेला?"

जुलै १९३८ मध्ये, फ्लाटोची पिस्तुलं जप्त व्हायच्या तीन महिने आधी, फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. विषय होता जर्मनी-ऑस्ट्रियातून बाहेर पडू पाहणाऱ्या ज्यूंना कोण घेणार. नऊ-दहा दिवस भाषणं झाली. प्रत्येकाने सहानुभूती व्यक्त केली. अमेरिकेने आपला ठरलेला कोटा वाढवला नाही. ब्रिटनने पॅलेस्टाइनचा विषय येऊ दिला नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीने सांगितलं की आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करायची आमची इच्छा नाही. मोठ्या संख्येने माणसं घ्यायची तयारी दाखवली ती एकट्या डोमिनिकन रिपब्लिकने. जगाची सगळी सरकारं ज्यांच्या मुठीत आहेत असं दुसरं चित्र सांगतं, त्यांना त्या उन्हाळ्यात ३२ सरकारांकडून एवढंच मिळालं.